कोरोसोल खाता का?

माणसाला साधा ताप आला तर शेजारी दारातून विचारपूस करतात. मेंदूचा आजार झाला की ते थेट त्याच्या स्वयंपाकघरात शिरतात. ओनेझिम दोर्विल यांना हा अनुभव वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आला. ग्वादलूप बेटावरच्या गोयाव गावातल्या ज्या माणसांना त्यांनी उभी हयात कर्ता आणि कर्म यांतला फरक समजावून सांगितला होता, तीच माणसे आता त्यांना काय खावे आणि काय टाकावे हे समजावून सांगू लागली. आणि तेही अशुद्ध भाषेत.

दोर्विलमास्तर तक्रारखोर होते, हे आधीच मान्य केलेले बरे. चर्चची घंटा वेळेआधी वाजते, नगरपालिकेच्या फलकावर अनेकवचन चुकले आहे, बेकरीतला पाव पूर्वीइतका भाजत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी वर्षभर चालत. त्या बहुधा खऱ्या असत, आणि म्हणूनच कोणाला सहन होत नसत. शाळेत ते फ्रेंच शिकवीत. शुद्धलेखन घालताना त्यांचा आवाज असा निघे, की वर्गात पंख्याचीसुद्धा कुरकुर थांबावी. विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही, हा त्यांचा नियम होता. पोरे त्यांना घाबरत आणि पुढे मोठी झाल्यावर, अर्ज लिहिताना, त्यांची आठवण काढीत.

आजाराची पहिली चाहूल फळ्यावर लागली. अक्षर बारीक होत गेले. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेला शब्द शेवटाला पोहोचेपर्यंत मुंगीएवढा होई. मागच्या बाकावरचा कोणीतरी एकदा म्हणालाही, "मास्तर, ती मुंगी फळ्याबाहेर चाललीय," आणि वर्ग हसला. मग एके सकाळी, काहीही कारण नसताना, ते व्यासपीठावरून मागच्या मागे कोसळले. पाय अडखळला नव्हता, चक्कर आली नव्हती. उभे होते, आणि नंतर नव्हते. त्यानंतर शाळेने त्यांना सन्मानाने निरोप दिला. त्या निरोपाच्या भाषणातही दोन चुका होत्या.

पत्नी वारल्यापासून घरात त्यांची थोरली बहीण एर्मांस होती. ती त्यांना तिफ्रे म्हणे, म्हणजे धाकल्या. त्या धाकल्याचे केस मात्र केव्हाच पिकले होते. तेही तिला नावाने हाक मारीत नसत, सेसे, म्हणजे ताई, म्हणत, लहानपणी म्हणत तसेच. एर्मांसने आयुष्यभर गावातल्या पोरींचे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचे पांढरे झगे शिवले होते आणि तिला वाचण्यापेक्षा ऐकण्यावर अधिक भरवसा होता. भाऊ-बहिणीचे भांडण रोज होई, आणि रोज जेवणाच्या आत मिटे.

शहरातल्या रुग्णालयात डॉक्टर वासोर नावाच्या बाई होत्या. वय लहान, पण बोलणे नेमके, मास्तरांना आवडल्या. त्यांनी तपासले, चालवून पाहिले, गोळ्या दिल्या, काही महिने वाट पाहिली. गोळ्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. डोळे डाव्या-उजव्या बाजूला फिरत, पण खाली वळायला कां-कूं करीत. जिना उतरताना मास्तरांना स्वतःची पावले दिसेनाशी झाली होती.

"मुस्ये दोर्विल," बाई म्हणाल्या, "आपल्या ग्वादलूपमध्ये कंपवाताचा एक हट्टी प्रकार जास्त दिसतो. गोळ्यांना दाद देत नाही. तुम्ही कोरोसोल खाता का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "मला त्या फळाचा गर लहानपणापासून आवडत नाही. दातांत कापूस अडकल्यासारखं होतं."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवले. त्यांचा चेहरा जरासा उतरला, आणि रुग्णाला ते दिसले. "खाणाऱ्यांमध्ये काही वेळा असं होतं, की फळ सोडलं तर आजार आहे तिथे थांबतो. म्हणून विचारलं. तुम्ही खातच नसाल, तर मग..."

वाक्य अपुरे राहिले. अपुऱ्या वाक्यांचा मास्तरांना मनस्वी तिटकारा होता, परंतु त्या दिवशी त्याचे क्रियापद त्यांनी मनातल्या मनात स्वतःच भरले.

दोघेही शिकलेले, म्हणून हे सारे संभाषण स्वच्छ फ्रेंचमध्ये झाले. घरच्या क्रेओलमध्ये झाले असते, तर बाईंनी आणखी चार गोष्टी सहज विचारल्या असत्या आणि मास्तरांनी आणखी चार गोष्टी सहज सांगितल्या असत्या. पण शिकलेल्या माणसांना एकमेकांसमोर घरची भाषा बोलायची लाज वाटते, आणि या लाजेची किंमत कोणीतरी तिसऱ्याच ठिकाणी मोजतो.

पुढे काय वाढून ठेवले आहे ते मास्तरांना नेमके ठाऊक होते. बसचालक झेफिर हा त्यांचा मावसभाऊ. त्याचे वडील आमेदोर याच आजाराने गेले होते. आधी काठी, मग खुर्ची, मग दुसऱ्याच्या हातचा घास, आणि शेवटी तो घासही गिळेना. मास्तर दर रविवारी त्यांना भेटायला जात. म्हातारा दगडासारखा बसलेला असे. डोळे तेवढे जागे असत, आणि ते जागे आहेत हेच सर्वांत वाईट होते. आपण त्या खुर्चीत बसायचे की नाही, एवढाच प्रश्न आता मास्तरांपुढे उरला होता, आणि रुग्णालयातून परतताना त्याचे उत्तर मिळाले आहे अशी त्यांची समजूत झाली होती.

मग सल्ल्यांची रांग लागली. पहिली आली शेजारीण सिमेआ. तिच्या अंगणातल्या झाडाझुडपांवर अर्ध्या गल्लीचे औषधपाणी चाले.

"मास्तर, रोज सकाळी खोबरेल तेल प्या. चांगलं मोठा चमचा भरून. मार्तिनिक बेटावर एक माणूस खुर्चीतून उठला आणि नाचायला लागला."

"नाव काय त्याचं?"

"नाव मला कसं ठाऊक असणार? माझ्या नणंदेच्या ओळखीतला आहे."

"त्याला आजार कोणता होता?"

"हाच की. अंग थरथरायचं."

"माझं अंग थरथरत नाही, सिमेआ. ताठरतं."

"मग तर तुम्हाला लवकरच गुण येईल!"

जुन्या शाळेतला विज्ञानाचा शिक्षक येऊन सांगून गेला, की गहू सोडा. गव्हाने मेंदूला सूज येते. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भजन म्हणणाऱ्या बाईंनी सांगितले, की मांस सोडा. त्याच आठवड्यात कोणीतरी फ्रान्सहून फोन करून कळवले, की मांस आणि चरबी यांशिवाय दुसरे काही खाऊच नका. या तिघांचेही रुग्ण खडखडीत बरे झाले होते, आणि तिघांपैकी एकानेही आपला रुग्ण डोळ्यांनी पाहिला नव्हता.

मास्तरांनी एकही सल्ला न तपासता फेटाळला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ते प्रत्येकाला समोर बसवीत आणि विचारीत. रुग्णाला आजार आहे, हे कोणी ठरवले? त्याच वेळी तो गोळ्याही घेत होता का? किती दिवस बरा राहिला? सर्वांत खोचक प्रश्न शेवटी येई: "हाच उपाय करून ज्याला गुण आला नाही, त्याला ओळखणाऱ्या नणंदेला तुम्ही भेटलात का?" या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नसे, कारण ज्याला गुण येत नाही त्याची बातमी बेट ओलांडून येत नाही. आजारातही चांगले दिवस आणि वाईट दिवस असतात, हे मास्तर स्वतःच्या देहावर शिकले होते. आज पाय हलका पडला, तर काल रात्री जे खाल्ले त्याला श्रेय देण्याचा मोह त्यांनाही होई. एकदा बिटाची कोशिंबीर खाल्ल्यावर पुढचे दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी, पोटात बीट तसेच असताना, ते न्हाणीघरात पडले. त्यानंतर बिटाचे नाव निघाले की ते हसत. हसण्याची पद्धत मात्र कडू होती.

या साऱ्या उमेदवारांत एकच उत्तीर्ण झाला. झेफिर एके दुपारी हात कराकरा खाजवीत आला. खिशात खाजकुइलीच्या बिया होत्या.

"हसू नका, दादा. हे गावठी खूळ नाही. डॉक्टरलोकसुद्धा मानतात याला."

"कोणते डॉक्टरलोक?"

"विचारा तुमच्या त्या बाईंना."

मास्तरांनी खरोखरच फोन करून विचारले, आणि डॉक्टर वासोर म्हणाल्या की झेफिर बरोबर बोलतो आहे. तुम्हाला जी गोळी दिली, तिच्यातले औषध खाजकुइलीच्या बीमध्ये मुळातच असते. नीट पडताळून पाहिलेले आहे. ज्यांना गोळी लागू पडते त्यांना बीही लागू पडते. "पण मुस्ये दोर्विल, तुमच्या शरीराने गोळीला दाद दिली नाही. मग बीला कशी देईल?"

मास्तरांनी फोन ठेवला. "घ्या," ते झेफिरला म्हणाले. "एवढ्या परीक्षेत एकच पास झाला, आणि त्याला द्यायला जागा नाही. आमेदोरकाकांना दिल्या होत्यास का या बिया?"

"दिल्या होत्या."

"मग?"

झेफिर हात खाजवीत राहिला. वडील गेले तरी उपायावरचा त्याचा विश्वास जायला तयार नव्हता, आणि या गोष्टीचा मास्तरांना राग यावा की दया, हे त्यांना ठरवता येईना.

खटका उडाला तो दुपारच्या जेवणाला. उकडलेला नीरफणस होता, खारवलेला मासा होता, आणि ताटाशेजारी एर्मांसने एक हिरवागार पेला ठेवला.

"हे काय, सेसे?"

"रस."

"कशाचा?"

"आधी पी, मग सांगते."

"मी काय पाळण्यात आहे? कशाचा रस?"

"रानकारल्याच्या वेलाचा. रक्त साफ होतं."

"माझं रक्त घाण आहे, असं कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे सिमेआ."

"सिमेआ तर सिमेआ! तुझ्यासाठी वेल तोडायला काट्यांत शिरली बिचारी. तू तिला काय देतोस? उलटतपासणी! माणूस प्रेमानं काही घेऊन येतो आणि तू त्याचं शुद्धलेखन तपासतोस."

"प्रेमाला माझी हरकत नाही. पाल्याला आहे. उद्या कोणी येऊन सांगेल गवत खा, तर मी गवत खाऊ? पुरावा नाही, नाव नाही, गाव नाही, नुसता पाला!"

तेव्हा एर्मांसचा तोल सुटला. तिने हातातले फडके टेबलावर आपटले.

"पाला, पाला! मोठा आलाय पाल्यावर विश्वास नसणारा! मग रोज रात्री घटाघटा काय पितोस? ते काय पॅरिसहून येतं? सिमेआच्या कोरोसोलचाच पाला आहे तो! त्या डॉक्टरणीच्या गोळीनं नाही लागत तुला झोप, माझ्या पाल्यानं लागते! आणि तू आजारी पडल्यापासून मूठ दुप्पट केलीय मी, तेव्हा कुठे सकाळपर्यंत टिकतोस!"

मास्तरांनी काटा ताटात ठेवला.

त्यांना हे माहीत नव्हते, असे म्हणणे खोटे ठरेल. उशीत काय भरले आहे हे माणसाला जसे माहीत असते, तसे ते त्यांना माहीत होते. लहानपणी आई दोघांना झोपण्याआधी तो काढा देई. गावातल्या सगळ्याच आया देत. पत्नी गेल्यावर झोप उडाली तेव्हा एर्मांसने तो पुन्हा सुरू केला, आणि मग तो कधी बंद झालाच नाही. घरात त्याचे नाव नुसते 'डिते' होते, म्हणजे झोपतानाचा गरम पेला. कोरोसोल म्हणजे फळ. ते बाजारात असे, आईस्क्रीममध्ये असे, आणि मास्तरांना ते आवडत नसे. डिते ही खाण्याची गोष्ट नव्हती, औषधही नव्हते. दिवा मालवण्यासारखी ती एक गोष्ट होती. दारात आलेल्या प्रत्येक उपायाची त्यांनी कसून चौकशी केली होती, आणि जो कैक वर्षे रोज रात्री त्यांच्या घशाखाली उतरत होता, त्याला कोणी काही विचारले नव्हते.

"तिनं विचारलं होतं, खाता का," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"कोणी?"

"डॉक्टरणीनं. कोरोसोल खाता का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही. खरंच सांगितलं मी, सेसे. मी खात नाही. पितो."

एर्मांसला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ती खुर्चीवर बसली.

डॉक्टर वासोर यांनी पूर्ण हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. पहिल्यांदाच त्या क्रेओलमध्ये बोलल्या.

"अहो मास्तर, मी काय तुमची तोंडी परीक्षा घेत होते? सांगायचं ना, पानांचा काढा पितो म्हणून!"

"तुम्ही विचारलं नाही."

"चुकलंच माझं. माझी आजीसुद्धा द्यायची मला. मलाच सुचायला हवं होतं."

चूक एवढ्या सहज मान्य करणारा माणूस मास्तरांना फार दिवसांनी भेटला होता. त्यांनी थोडे नमते घेतले आणि मग नेहमीच्या प्रश्नांकडे वळले. पुरावा काय आहे?

बाईंनी काही लपवले नाही. या बेटावर हा हट्टी प्रकार झालेल्यांमध्ये कोरोसोलचे फळ आणि काढा घेणारे इतरांहून जास्त आढळतात. त्या झाडात एक द्रव्य आहे. प्रयोगशाळेत उंदरांना दिले तर या आजारात मरतात त्याच मेंदूच्या पेशी मरतात. सोडल्यावर काहींचा आजार थांबला, काहींचा थांबला नाही. कदाचित जे लवकर सोडतात त्यांचाच थांबत असेल. कदाचित थांबणाऱ्यांचा तसाही थांबणार असेल.

"म्हणजे सिद्ध नाही."

"नाही. सिद्ध नाही."

"मार्तिनिकच्या नाचणाऱ्या माणसाला मी ओळखीचा दाखला मागितला होता," मास्तर म्हणाले. "आता तुमच्या काही जणांवर मी कसा विश्वास ठेवू? बरं करणाऱ्या गोष्टीला एक माप आणि बिघडवणाऱ्या गोष्टीला दुसरं, असं कसं चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "खोबरेल तेल प्या म्हणणारा तुम्हाला काहीतरी नवीन करायला सांगतो, आणि ते करताना चालू असलेलं तुम्ही सोडलंत तर धोका तुमचा. मी फक्त म्हणते, एक पेला पिऊ नका. माझं चुकलं, तर तुमचं काय जाणार?"

"झोप."

"आणि बरोबर ठरलं तर?"

मास्तरांनी उत्तर दिले नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देण्याचा नियम त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

घरी डिते बंद झाली. झोपही गेली. पहिले काही आठवडे मास्तर दिवसभर चिडचिडत आणि आरामखुर्चीत डुलक्या घेत. एर्मांस मात्र गप्प झाली, आणि हे अधिक भयंकर होते. ती भांडेना. नीरफणस उकडी, ताट मांडी, भावाकडे न पाहता समोर बसे. एके दिवशी तिने एकदमच विचारले:

"मीही पीत होते. तुझ्याइतकीच वर्षं. मग मला का नाही झालं?"

"ठाऊक नाही."

"म्हणजे कदाचित त्या पाल्यानं काही होत नसेल."

"कदाचित."

"तू तर सगळं ठाऊक असल्यासारखा बोलतोस नेहमी. आता का नाही बोलत?"

"कारण ठाऊक नाही, सेसे."

तिनेही पेला सोडला. सिमेआला जेव्हा हे कळले तेव्हा ती फाटकात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"माझ्या झाडाची बदनामी! माझी आजी नव्वद वर्षं जगली त्या पाल्यावर!"

"आणि आमेदोर?" मास्तर आरामखुर्चीतून म्हणाले.

"आमेदोरचं काय?"

"त्यांच्याकडेही पाला तुझ्याच झाडाचा जायचा ना?"

मास्तरांना लगेच वाटले, की आपण सिद्ध न झालेली गोष्ट शस्त्रासारखी वापरली. आमेदोर पीत होते, हे खरे. त्यानेच गेले, हे कोणाला ठाऊक? "जाऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या झाडाविरुद्ध माझी फिर्याद नाही. फक्त मला पाठवू नकोस." सिमेआने त्यानंतर दोन महिने त्यांच्या घरात पाऊल टाकले नाही. त्या दोन महिन्यांत त्यांना कोणीही खोबरेल तेल पाजले नाही, हा त्यातला लाभ.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी तपासले तेव्हा काहीच बदल नव्हता. "काहीच बदल नाही" हे शब्द एर्मांसने निराशेने ऐकले. मास्तरांनी ते दोनदा म्हणवून घेतले. कारण या आजारात सहा महिने काहीच न बदलणे, हे त्यांनी आमेदोरच्या बाबतीत पाहिले नव्हते. पण त्यांनी आशेला घरात घेतले नाही; तिच्या कागदपत्रांत काहीतरी कमी आहे, असे त्यांचे मत होते.

वर्ष उलटल्यावरची तपासणी मात्र वेगळी झाली. एर्मांस बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसली होती. आत यायला तिने नकार दिला होता. बाईंनी मास्तरांना खोलीच्या मधोमध उभे केले आणि स्वतः मागे गेल्या.

"मी खांदे मागे ओढणार आहे. पडू नका."

"तो माझ्या इच्छेचा प्रश्न नाही," मास्तर म्हणाले.

पूर्वी प्रत्येक वेळी ते ओंडक्यासारखे मागे येत आणि बाई त्यांना झेलीत. या वेळी बाईंनी ओढले. मास्तरांचा उजवा पाय आपण होऊन मागे गेला, जमिनीवर टेकला, आणि ते उभे राहिले. बाईंनी पुन्हा ओढले, जरा जोराने. पुन्हा पाय गेला, पुन्हा ते उभे राहिले.

"आता डोळे खाली," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे खाली वळवले. ते अडखळत, कुरकुरत, पण वळले. खाली तपकिरी बूट होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. आपण सकाळपासून सुटलेल्या नाडीने चाललो आणि कोणी सांगितले नाही, अशी तक्रार त्यांच्या ओठांवर आली, आणि मग त्यांच्या लक्षात आले की ती नाडी आपल्याला दिसते आहे.

"थांबला आहे," बाई म्हणाल्या. "कदाचित किंचित मागेही गेला आहे. पुढचं वचन मी देत नाही. पण आज थांबला आहे."

मास्तर खाली वाकून नाडी बांधू लागले. त्याला बराच वेळ लागला. बाईंनी मदत केली नाही, आणि घाईही केली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

एर्मांसने त्यांना दारातून बाहेर येताना पाहिले आणि उभी राहिली. तिने निकाल विचारला नाही. वर्षभर जे तोंडात धरून ठेवले होते, तेच बाहेर आले.

"मी केलं का हे, तिफ्रे? तुला हा आजार मी दिला का?"

येणारे-जाणारे वळून पाहू लागले. मास्तर तिच्या शेजारी बसले. आयुष्यात त्यांनी अनेक मुलांना, चूक तुझीच आहे, असे त्यांच्या तोंडावर सांगितले होते. बहिणीला खोटे सांगून शांत करणे त्यांना जमले नसते, आणि तिलाही ते खोटे ओळखू आले असते.

"ऐक," ते म्हणाले. "थांबला आहे. बाई म्हणतात थांबला. पाल्यामुळे आला होता का, हे बाईंना ठाऊक नाही. पाला सोडल्यामुळे थांबला का, हेही ठाऊक नाही. मी एक माणूस आहे, सेसे. एका माणसावरून काही ठरत नाही. पाला आईनं दिला, आईला तिच्या आईनं दिला, तूही प्यालीस आणि धडधाकट आहेस. तू दोषी आहेस असं लिहून माझ्यासमोर कोणी ठेवलं, तर मी तो कागद नापास करीन."

"खरंच? का माझ्यासाठी बोलतोयस?"

"तुझ्यासाठी बोलायचं असतं तर याहून गोड बोललो असतो."

एर्मांस हसली, आणि हसता हसता रडली, आणि मग पदराला हात घालावा तसे डोक्याचे रंगीत फडके सोडून त्याने तोंड पुसू लागली. मास्तर तिच्याकडे न पाहता समोरच्या भिंतीवरचा सूचनाफलक वाचत बसले. त्यात एक विरामचिन्ह चुकले होते. ते त्यांनी चुकीचेच राहू दिले.

गोयावच्या थांब्यावर दोघे झेफिरच्या बसमधून उतरले तेव्हा सिमेआ फाटकातच होती. रुसवा पुरता गेला नसला तरी बातमी हवी होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"थांबलाय," एर्मांसनेच उत्तर दिले.

"म्हणजे बरा झाला! अगं बाई! झेफिर, ऐकलंस का? मास्तर बरे झाले! मी सांगत नव्हते, त्या कारल्याच्या रसानं..."

मास्तरांनी तोंड उघडले. बरा झालो नाही, थांबलो आहे. कारल्याचा रस मी मोरीत ओतला होता. आणि थांबण्याचे कारण अजून कोणालाही ठाऊक नाही, अशी तीन वाक्ये क्रमाने तयार होती. एर्मांसने त्यांचा दंड दाबला.

"राहू दे. आजचा दिवस चुकीचं राहू दे, तिफ्रे."

वाक्ये तोंडातच राहिली. झेफिरने बसचा भोंगा विनाकारण लांबलचक वाजवला, सिमेआने एर्मांसला मिठी मारली, आणि दोघी फाटकातच एकमेकींना तब्येतीच्या तक्रारी सांगू लागल्या. मास्तर एकटेच घराच्या पायऱ्या चढून गेले, प्रत्येक पायरीकडे पाहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाव आणायला जाताना, ते सिमेआच्या फाटकाशी थांबले आणि त्यांनी तिला तिन्ही वाक्ये ऐकवली.